विहिणीचा करंट

३ मार्च
नातीला आठवा लागला. फोनवर म्हणाली, बाळ झालं की दोघींपैकी एका आजीनं दोन महिने माझ्याकडे राहायला यावं. एकीनंच, खाट एकच आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जी जिना चढेल ती.
म्हणजे मीच. दुसरी आजी म्हणजे सुनेची आई, माझी विहीण. तिचे गुडघे कधीच कामातून गेलेत. माझे नुसते दुखतात.

८ मार्च
सुनेनं दोघींना फिजिओबाईकडे नेलं. शेजारी शेजारी कॉट, मध्ये पडदा. गुडघ्याला पॅड चिकटवतात, वायरी लावतात, मुंग्या येतात. पंधरा मिनिटं. छान वाटतं.
विहिणीच्या मशीनवर आकडा बावीस. माझ्या अठरा. विचारलं, असं का? फिजिओबाई म्हणाली, आजी, ज्याच्या त्याच्या सोसण्यावर असतं. म्हटलं, हिला सत्तावीस वर्षं सोसतेय, चाळीसवर ने. नाही नेला.

८ मार्च, संध्याकाळ
व्यायाम दिलाय. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची. पाय सरळ उचलायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. केलं की चार्टवर खूण. फिजिओबाई म्हणते, करंटनं दुखणं दबतं, जोर मात्र व्यायामानंच येतो. शिकलेली आहे पण कच्ची आहे. जोर विजेतच असतो. पंखा काय व्यायाम करून फिरतो?

१२ मार्च
व्यायाम उद्यापासून नक्की. आज टॉवेल धुवायला टाकलाय.

१५ मार्च
पडद्याच्या फटीतून विहिणीचा चार्ट दिसला. रोज दोन खुणा, एक दिवस चुकला नाही. माझा कोरा. माझ्या काही पोटात दुखत नाही. घरी येऊन पेन घेतलं आणि मागचा सगळा आठवडा भरून टाकला. तिच्या दोन, तर माझ्या तीन.

१९ मार्च
फिजिओबाईनं माझा चार्ट सगळ्यांसमोर धरला. म्हणाली, बघा, या वयात दिवसातून तीनदा! विहिणीचं तोंड एवढंसं झालं. जन्माचं सार्थक.
मग म्हणाली, आजी, एवढं जमतंय तर तुम्हाला करंटची गरज नाही, उद्यापासून बंद. आता घरी जिना चढउतार करा.
पडदा सारून पाहिलं. विहीण वायरी लावून महाराणीसारखी पडली होती. आकडा चोवीस.

२७ मार्च
फिजिओबाईकडे तपासणीला गेलो. विहीण हात न टेकता खुर्चीतून उठली. दहा वेळा. नखरे नुसते. ती गेल्यावर त्याच खुर्चीत बसले. उठता आलं नाही. खुर्ची खोलगट आहे.

४ एप्रिल
सून म्हणाली, आई, अहो दोघी मिळून व्यायाम करत जा ना, माझी आई इथं यायला तयार आहे. म्हटलं, कशाला त्यांना त्रास, मला एकटीलाच जास्त जमतं. दार लावून घेतलं. झोप चांगली लागली.

१९ एप्रिल
नातीला मुलगी झाली. पणती! बॅग भरून ठेवली. विहिणीनंही भरली म्हणे. भरू दे बिचारीला.

२३ एप्रिल
सगळे मिळून नातीकडे गेलो. पहिला जिना चढले. दुसऱ्याच्या मधल्या वळणावर गुडघे अडून बसले. समोरच्या दारातल्या बाईनं स्टूल आणून दिलं. विहीण कठडा धरून पुढे गेली. कुठं थांबते ते ऐकत होते. दोनदा थांबली. पोचली.
थोड्या वेळानं नातजावई बाळाला घेऊन खाली आला. त्याच्या मागून एक-एक पायरी करत विहीण. परत चढायचंय हे माहीत असून आली. म्हणाली, आधी तुम्ही घ्या, तुम्ही मोठ्या. वय काढायची संधी काही सोडली नाही.
बाळ मांडीवर घेतलं. नाक आमच्याकडचं आहे. पाचव्या मिनिटाला पणतीनं लुगडं ओलं केलं. नातजावयानं बाळ उचललं. मला उठता येईना. विहिणीनं हात पुढे केला. मी स्टुलाची कड धरून पाहिली, भिंत धरून पाहिली. मग तिचा हात धरला. मेलीचा हात चांगला घट्ट आहे.
उठवलं तिनं. मग ती बाळामागून वर गेली. मी खाली.