नऊ मिलिमीटर पितळ

ता. ४, मंगळवार

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईला ऐकायचं नसतं, म्हणून पत्र. आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. मोटरसायकल जोडून झाल्यापासून, म्हणजे तुम्ही परत गेल्यापासून, पूर्ण मूठ पिळूनही साठच्या वर जात नव्हती. मूठ लवकर अडते हे जाणवत होतं. हँडल मी बदललं आहे, म्हणून दोष नव्या मुठीला दिला.

२. मग वाटलं, माझ्याच जोडणीत चूक आहे. इंजिन दोनदा उघडलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह पुन्हा घासले. कार्ब्युरेटरची खालची वाटी दोनदा काढून साफ केली. वरचं झाकण काढलं नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

३. रविवारी चढावर एका टँकरच्या पुढे जायला निघाले. निम्म्यात असताना समोरून गाडी आली. मूठ शेवटपर्यंत पिळली. काही झालं नाही.

४. ब्रेक लावून टँकरच्या मागे आले. मागचं चाक खडीवर घसरलं आणि मी पडले. डावं इंडिकेटर तुटलं, कोपर सोलपटलं.

५. काल रजा काढून वरचं झाकण काढलं. स्प्रिंगच्या आत पितळेचं कडं होतं. उंची नऊ मिलिमीटर. त्यामुळे मूठ कितीही पिळली तरी हवेची वाट दोन तृतीयांशच उघडायची.

६. ते कडं मी बसवलेलं नाही.

घरमालकीणबाईंनी कोपराला पट्टी बांधून दिली आणि बांधता बांधता सांगितलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर पेट्रोलची टाकी ठेवणारीचं असंच व्हायचं. टाकी रंग वाळेपर्यंतच तिथे होती, पण त्यांना ते पटत नाही.

आता प्रश्न. कडं तुम्ही बसवलंत का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: आणखी कशाकशाला हात लावलात? उत्तर येईपर्यंत गाडी उभी आहे.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.

आपली भाची

*

ता. ७, शुक्रवार

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पत्र कसलं, तपासणीचा अहवालच तो. खाली शिक्का तेवढा राहिला होता. मामाला चार शब्द गोड लिहावेत, गुडघे कसे आहेत विचारावं, ते नाही. गुडघे वाईट आहेत. विचारलं नाहीस तरी सांगतो.

कोपराला पट्टी बांधली, पण आत खडी राहिली नाही ना ते बघ. त्याबद्दल एक ओळ लिहिलीस आणि पितळेवर पाच.

आता तुझ्या कड्याचं. अगं, जुनी गाडी म्हणजे परक्या घरातून आलेली सून. माहेराहून काय काय घेऊन आली ते एका दिवसात थोडंच कळतं? आधीच्या मालकाने पेट्रोल वाचवायला काहीतरी केलं असेल. लोक काय वाट्टेल ते करतात. मी एका माणसाला सायलेन्सरला पत्र्याचा डबा लावून फिरताना पाहिलं आहे. काढलंस ना कडं? मग झालं. भांड्याला पोचा आला म्हणून कोणी कुंभार-तांबटांची चौकशी लावत नाही.

तुझ्या मावशीने परवा पुन्हा विषय काढला. पंपांची तपासणी करायला पोरीने एकटीने डोंगरात फिरायचं, बस नाही की काही नाही, आणि तेही भंगारातून उभ्या केलेल्या गाडीवर. मी सगळ्यांसमोर सांगितलं की गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे, पोरगी जाईल. तुझी आई शिवत होती. ती हल्ली शिवणयंत्रावरून मान वर करत नाही.

जपून राहा. मामावर राग धर, पण लोभही धर, एका हाताला एक.

तुझा मामा

*

ता. ११, मंगळवार

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? खडी राहिलेली नाही. आता पुढचं.

कार्ब्युरेटर मी तुम्ही येण्याच्या आधीच्या आठवड्यात पूर्ण सुटा केला होता, वरच्या झाकणासकट. तेव्हा आत कडं नव्हतं. सून माहेराहून काही घेऊन आली नव्हती, सासरी आल्यावर तिच्या सामानात कोणीतरी ते टाकलं.

आधीचा मालक साखळीच्या झाकणाला बोल्टऐवजी तार बांधणारा माणूस होता. या कड्याच्या चारही धारा मारलेल्या आहेत, आतल्या दोन्हीसुद्धा. जी धार कुणाला दिसणार नाही तिलाही उतार द्यायचा, हे मी सातवीत असताना तुमच्या लेथशेजारी स्टुलावर बसून शिकले. तुम्हाला वाईट काम करून ठेवता आलं असतं तर मी आधीच्या मालकावर विश्वास ठेवला असता. ते तुम्हाला जमलं नाही.

तरीही कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये विचारलं. तिथला मिस्त्री म्हणाला, तुमचे मामा मोठे हौशी, एक दुपार लेथ मागितलं आणि पितळेचा तुकडा मात्र घरून आणलेला. घरून. म्हणजे इथे येऊन गाडी पाहून काळजी वाटली, असं नाही. निघतानाच ठरलेलं होतं.

पडले त्याचं मला फारसं काही वाटत नाही. गाडी चालवणारा कधीतरी पडतो. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या सगळ्यात माझ्या बाजूने एकच माणूस बोलत होता. मावशी, तिचे यजमान, माझा भाऊ, सगळ्यांना तुम्ही गप्प केलंत आणि मला वाटलं की तुमचा माझ्या कामावर विश्वास आहे. तुम्ही 'पोरगी जाईल' म्हणत होतात ते खिशात पितळ ठेवून. मावशी निदान तोंडावर नाही म्हणते. तिच्या 'नाही'वर मी तुमच्या 'हो'पेक्षा जास्त भरवसा ठेवू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. गाडी अजून उभी आहे. मी कारखान्यात दोन बस बदलून जाते आणि घरमालकीणबाई खूश आहेत.

लोभ असो वा नसो, उत्तर असावे.

आपली भाची

*

ता. १४, शुक्रवार

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामाने मला वाचायला दिलं आणि स्वतः अंगणात जाऊन बसला. त्याला बोल लावू नकोस. तो माझ्या सांगण्यावरून वागला.

त्याला मी सांगितलं की पोरीला वेगाचं वेड आहे, गाडी हळू धावेल असं काहीतरी कर. तो आधी नाही म्हणाला. मी दोन दिवस जेवले नाही, मग त्याने पितळ शोधायला घेतलं. पण वेग हे त्याला सांगायचं कारण होतं. तू कधी वेगाने गाडी चालवशील असं मला वाटलं नव्हतं, तू साखरसुद्धा चमच्याने मोजून घालतेस.

माझं कारण वेगळं होतं. मला वाटलं, एवढं करून गाडी मंद निघाली की तुझं तूच म्हणशील, आपल्याला नाही जमलं. गाडी विकशील, डोंगरातली नोकरी नाकारशील आणि घरी येशील. तुला कोणी नाही म्हटलं की तू हट्टाला पेटतेस, हे मला तू चालायला लागलीस तेव्हापासून माहीत आहे. म्हणून नाही म्हणायचं गाडीवर सोपवलं.

सीटचं कव्हर मीच शिवून पाठवलं होतं. दुहेरी टाका घातला, आत जाड कापड लावलं, म्हणजे लांबच्या प्रवासात शिवण उसवू नये. दोन्ही एकाच आठवड्यात केलं. कसं ते मला विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

तू पडशील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचं वाईट वाटतं आणि ते मी तोंडाने नाही, हाताने लिहून देते. बाकीच्याचं वाटत नाही. तू त्या रस्त्यावर एकटी जावंस असं मला आजही वाटत नाही आणि वाटणारही नाही. आई झाल्यावर फुटपट्टी बाजूला ठेवावी लागते.

कोपर सुकेपर्यंत पाणी लावू नकोस. माया होती तशीच आहे, तिला काही अटकाव बसवलेला नाही.

आई

*

(याच पाकिटात)

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

ताई तिच्या मनातलं काय लिहिते ते मी वाचलं नाही, तिने पाकीट आधीच चिकटवायला घेतलं होतं. मी माझ्यापुरतं लिहितो.

होय, मीच बसवलं. तू कामावर असताना. धारांवरून पकडलंस याचा राग यायला हवा होता, आला नाही. निवृत्त झाल्यापासून माझ्या कामाकडे एवढ्या बारकाईने कोणी पाहिलं नव्हतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दुसऱ्या कशालाही चोरून हात लावलेला नाही. ब्रेकचे लायनिंग मी बदलले, मागच्या चाकाचं बेअरिंग मी ठोकलं, ते तुझ्यासमोर. आणि आता तू तोंड उघडायच्या आत सांगतो, त्या चढावर तुला टँकरच्या मागे वेळेत आणून ठेवलं ते माझ्याच ब्रेकने. तेही हिशेबात धर. पितळेचं लिहायचं तर ब्रेकचंही लिहायचं.

माफी मागत नाही. या वयात एकदा सुरू केली तर बऱ्याच जणांची मागावी लागेल. पण चढाचा विचार मी केला नव्हता. सपाट रस्ता डोळ्यांसमोर ठेवून माप घेतलं. कारागीर म्हणून ही चूक आहे, ती माझी, ताईची नव्हे.

माझ्यावरचा लोभ किती कमी झाला ते मोजून कळव. तुला मोजता येईल.

तुझा मामा

*

ता. १८, मंगळवार

ती. आईस आणि ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते. यापुढे दोघांना वेगळं काही लिहिणार नाही. मामा, आईचं पत्र तुम्ही वाचावं असं मला वाटतं. तिचं खरं कारण तुमच्यापासूनही लपवलेलं होतं.

पाकीट शनिवारी सकाळीच मिळालं. शनिवार-रविवारी गाडी पूर्ण सुटी केली. दोन्ही चाकं, दोन्ही ब्रेक, क्लच, सगळ्या केबली. मामांची यादी खरी निघाली. ती खरी निघेल असं वाटत होतं, तरी गाडी उघडली. ज्या गाडीत एकदा न सांगता काही घातलं गेलं, ती नुसत्या शब्दावर चालवता येत नाही. कारखान्यात मी याच कामाचा पगार घेते.

काल कामावरून आल्यावर पुन्हा त्या चढावर गेले. गाडी चढली. किती वेगाने ते आईसाठी लिहीत नाही. इंजिन आधीपासूनच बरोबर होतं, पहिल्याच जोडणीत.

मामा, ब्रेकचं हिशेबात धरलं. ब्रेक उत्तम आहे. पण ब्रेक बसवताना मी तुमच्या शेजारी उभी होते आणि लायनिंग माझ्या हाताने तुमच्या हातात दिले होते. कडं आणि ब्रेक, दोन्ही मला थांबवण्यासाठीच होती. एक माझ्या पायाखाली आहे, ते मी दाबते. दुसरं मला माहीत नव्हतं. एवढाच फरक आहे आणि मला तो पुरतो.

आई, तुझा नेम चुकला नव्हता. तीन आठवडे मला खरंच वाटत होतं की हे आपल्याला जमलं नाही. दुसऱ्यांदा इंजिन उघडूनही गाडी तशीच राहिली, तेव्हा मी नव्या जागेसाठी नकाराचं पत्र लिहिलं होतं. साध्या एका सिलिंडरचं इंजिन जिला धड जोडता येत नाही तिने लोकांच्या पाण्याचे पंप तपासू नयेत, असं माझं म्हणणं होतं. पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायचं तेवढं राहिलं, कारण त्या सोमवारी मी रजेवर होते आणि माझ्या हातात तुझं पितळ होतं. टँकर आडवा आला नसता तर मी या महिन्यात घरी आले असते. तुझ्यासमोर बसून म्हटलं असतं की मला काही येत नाही, आणि तू मला जेवायला वाढलं असतंस, आणि खरं काय ते मला कधीच सांगितलं नसतंस. मी त्या जेवणाचा विचार करते, पडल्याचा नाही.

मला तुमची काळजी नको, असं मी म्हणत नाही. सीटची शिवण मी उलटून पाहिली. तेवढी मजबूत शिवण बाजारात मिळत नाही. ते कव्हर मी काढलेलं नाही आणि काढणार नाही. पण काळजी करायची ती वरून करा, मला दिसेल अशी. माझ्या हातांबद्दल माझ्याशी खोटं बोलू नका. ते सोडून काहीही बोला. मी हट्टी आहे, फुटपट्टी आहे, ओट्यावर टाकी ठेवते. सगळं चालेल.

नव्या कामावर एक तारखेला, सोमवारी हजर व्हायचं आहे. रविवारी सकाळी इथून गाडीवरून निघते. वाट तुमच्या गावावरून जात नाही, वळसा घालून येता येईल.

एक विनंती आहे. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता, 'जा' किंवा 'जाऊ नको' यांपैकी एकच लिहून पाठवावं. कारण लिहू नये. मला बरं वाटावं म्हणून 'जा' लिहू नये. दोन्ही कागदांवर 'जाऊ नको' असेल तरी मी जाणार आहे, हे आताच सांगते, म्हणजे उगाच आशेवर राहू नका. आणि काहीही लिहिलंत तरी वळसा घालून येईन, दारात गाडी लावीन आणि जेवीन. फक्त या वेळी मला तुमचं खरं उत्तर हवं आहे.

दोघांवरचा लोभ मोजून पाहिला, वापरण्याजोगा आहे. गुरुवार, ता. २७ पर्यंत कळवावे.

तुमची,
लेक आणि भाची