सात पिढ्यांवर अंगठा

प्रिय धम्मानंद,

जय भीम. आधी गुडघ्याची खबर घे: तसाच हाय. पायरी चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. समोर तुझी बहीण दिपाली लिहायला बसली आहे. मी लई बोलते आणि ती माझं बोलणं धुऊन, वाळवून लिहिते. तेव्हा कुठं मी शहाणी वाटले तर ते तिचं काम समज. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं हाव आज्जी, हाव आज्जी म्हणतोस आणि मागं तुमच्या लातूरच्या पोरांच्या हलग्या कडकडत असतात. पत्राला मधेच हाव म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळाचं बोलावणं आल्यापासून तुझ्या आईनं आख्खी आळी सांगून संपवली, आता ती पलीकडच्या गल्लीत शिरली आहे. शेजारची कस्तुराबाई विचारायला आली की नुसती हलगी वाजवायला माणसाला विमानानं नेतात का. मी म्हणलं, नेतात की. लग्नाला भांडी नेतात तशी, उसनी. काम झालं की मोजून परत करतात. तिला ते पटलं. मलाही त्या व्हिसाचं तेवढंच समजलं होतं.

मग गेल्या आठवड्यात दिपाली तो स्टँपचा कागद घेऊन आली. तुमच्या पथकाच्या मन्मथनं करून दिलेला. म्हणाली, अंगठा दे. मी म्हणलं, आधी वाच. तिनं तोंड वाकडं केलं, पण वाचलं. त्यात होतं: मी केवळाबाई शपथेवर सांगते की आमच्या घरात सात पिढ्या अखंड हलगी वाजते, माझे सासरे केरबा यांनी ती माझ्या मालकाला शिकवली, मालकांनी नातवाला. ऐकून मला हसूच आलं. तुझा आजा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. पान्ह्याशिवाय त्याला दुसरं काही वाजवता येत नव्हतं. आणि मला माझ्या सासऱ्याच्या बापाचं नाव धड सांगता येत नाही, मन्मथला सात पिढ्या कुठल्या बाजारात भेटल्या?

अंगठा दिला नाही. दिपाली दोन वेळा माझ्याकडं पाठ करून जेवली. दादाची अमेरिका तुझ्या अंगठ्याला अडली म्हणाली. (लिही गं, खोटं आहे का?) मन्मथचाही फोन आला. पोरगं निलंग्याचं, लिंगायताचं, गुणी आहे, मला माय म्हणतं. तो म्हणाला, माय, धम्या खरा कलाकार आहे हे व्हिसाच्या साहेबाला पटलं पाहिजे. मी विचारलं, तुझ्या कागदात काय लिहिलंस? तर म्हणे, लेझीम कॉलेजात शिकलो. बघ, लेझीम त्याची कॉलेजातली आणि हलगी तुझी जन्माची. त्याच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडं हलगी हातात दिसली की माणूस आधी आडनाव विचारतो. तिकडचा साहेबही तेच विचारील असं त्याला वाटलं.

म्हणून परवा दिपालीला घेऊन मी नांदेडला गेले, तुमचे कागद करणाऱ्या वकील उज्वलाताईंकडं. बाईनं चहा दिला आणि सरळ सांगितलं. कायदा बापजादे विचारत नाही. ही कला आपल्या मुलखातल्या लोकांची आहे का, हा पोरगा ती खरंच करतो का, जाणत्या माणसांनी त्याच्याबद्दल काय लिहून दिलं, पेपरात काय आलं, कुठं वाजवलं त्याचे व्हिडिओ, आणि तिकडं तो वाजवण्याचंच काम करून परत येणार का, हे बघतात. पण बाईनं दुसरंही सांगितलं. घराण्याचा कागद असला की फाइल भरदार दिसते. तो काढला तर धम्मानंदची बाजू थोडी हलकी होईल, बाकीची पोरं जातील आणि तो राहील असंही होऊ शकतं, मी खात्री देत नाही. मी चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणलं, ताई, दुसरा कागद लिहा.

त्यात मी सांगितलं ते असं. केरबा गावाची दवंडी द्यायचे. लग्नात मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचे आणि वरून टाकलेली भाकर पदरात घ्यायचे. धम्म घेतला त्या साली त्यांनी विळ्यानं हलगीचं कातडं फाडलं. मी नवरी होऊन आले तेव्हा नुसतं कडं राहिलं होतं, त्यावर मी माठ ठेवायची. गावानं पोळ्याला बोलावलं, ते गेले नाहीत. मग गावानं त्यांना शेतात बोलावणं बंद केलं. मुखेडच्या सडकेवर खडी फोडून त्यांनी लेकरं जगवली. हे मी सासूकडून ऐकलं, त्यांच्याकडून कधीच नाही. आता सात पिढ्या अखंड असं मी लिहून दिलं, तर त्या माणसानं जन्मात एकदा गावाला नाही म्हणलं होतं, ते मीच पुसलं की.

एक गोष्ट मात्र कागदात घातली नाही, ताईंनी विचारली नाही म्हणून. सांजच्याला सासरे ज्वारीच्या डब्याला टेकून बसायचे आणि त्यांची बोटं आपोआप डब्यावर चालायची. ध्यानात आलं की हात मांडीखाली दाबून धरायचे. मी त्यांची हलगी ऐकली नाही, डबा ऐकला. तू पहिल्यांदा कॉलेजातून हलगी घेऊन आलास आणि अंगणात वाजवलीस, तेव्हा मी मान खाली घालून ज्वारी निवडत राहिले. तुला वाटलं म्हातारी रागावली. मी ताडून बघत होते. डबा तुझ्यापेक्षा बरा वाजायचा. आता तू जवळ आला असशील.

तर हे पत्र कशासाठी ते ऐक. नव्या कागदावर माझा अंगठा आहे आणि तो आज फाइलबरोबर गेला. तुला न विचारता. उद्या मुंबईला मुलाखतीला बोलावलं तर कागदात एक आणि तोंडात दुसरं नको, म्हणून तुला आधी कळवते. कुणाकडून शिकलास म्हणून विचारलं तर तुझ्या लातूरच्या मास्तरचं नाव सांग. तुझे वाडवडील वाजवायचे का असं विचारलं, तर सांग, "त्यांना वाजवायला लावत होते. मी वाजवतो." एवढं बोलून गप्प बस, हाव हाव करत बसू नको. साहेब हो म्हणाला तर जा, मन भरून वाजव आणि सांगितल्या दिवशी परत ये. नाही म्हणाला तर माझ्यावर रागाव, माझी हरकत नाही. पण अमेरिकेहून ये नाहीतर मुंबईहून, घरी येशील तेव्हा स्टँडपासून आळीपर्यंत हलगी पिशवीत घालून आणू नको. खांद्यावर घेऊन ये.

तुझीच,
केवळा आज्जी