साडूचा समुद्र

४ फेब्रुवारी
काल सासऱ्यांची पंचाहत्तरी. ते पाहुण्यांना साडूची ओळख करून देत होते. हे धाकटे जावई, पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रात काय घडलं ते यांनी शोधून काढलं. मग माझ्याकडे वळून : हे थोरले. हेही दगडांचंच काहीतरी करतात.
साडूला हातोडा धरायला मी शिकवलं. आता बस्स. बदला घेणार. शांतपणे, शास्त्रीय पद्धतीने.

५ फेब्रुवारी
साडूचा पेपर पुन्हा वाचला. म्हणणं एवढंच, की समुद्रातले जीव हलका कार्बन उचलतात आणि जड कार्बन पाण्यात मागे राहतो. त्या पाण्याची नोंद तळाशी साचलेल्या चुनखडीत उतरते. साडूने तपासलेल्या खाणीतल्या एका थरात जड कार्बन एकदम घसरलाय, म्हणजे त्या काळी हलका कार्बन उचलणारे समुद्रातले जीवच पटापट मेले. शेवटी माझे आभार मानलेत. माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकवून.
माझा मुद्दा : यात समुद्राचा काही संबंध नाही. नंतर कधीतरी पावसाचं पाणी मातीतून झिरपलं, हलका कार्बन घेऊन आलं आणि दगड नासवून गेलं. आजच चहाच्या वेळी आमच्या विभागात सगळ्यांसमोर ऐकवलं. साडू कप तसाच ठेवून निघून गेला. हा माणूस ऐकून घेणारा नाही. पुरावाच तोंडावर फेकला पाहिजे.

१२ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. डोंगरापलीकडे त्याच वयाच्या चुनखडीची दुसरी खाण आहे. दगड घट्ट, पाणी शिरलेलंच नाही. तिथे घसरण नसणार. एप्रिलच्या सेमिनारमध्ये दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी लावीन. बोलायची गरजच पडणार नाही.
बायकोने विचारलं, सुट्टीच्या दिवशी कुठे निघालात. म्हटलं, सगळं तुझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठीच चाललंय. तिने कौतुकाने बघितलं आणि डबा भरून दिला. तिला टोमणे कळत नाहीत.

१३ फेब्रुवारी
काल खाणीत पाय घसरला. गुडघा सोलला. बदल्यापुढे गुडघा किरकोळ.

२ मार्च
रिझल्ट आले. घसरण आहे.
कार्बन मोजणारं मशीन बिघडलंय. मशीनवाल्या बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, बाकी सगळ्यांचे आकडे बरोबर येताहेत. बाकी सगळ्यांना काय कळतंय.

१५ मार्च
दुसऱ्यांदा दगडाची पूड काढून पाठवली होती. पुन्हा घसरण. ड्रिल जास्त तापलं असणार. किंवा पांढऱ्या शिरेतली पूड मिसळली असणार, त्या शिरा नंतर झिरपलेल्या पाण्यानेच तयार झालेल्या असतात. यापुढे फक्त शुद्ध दगड. भिंगाखाली बघून, एकेक ठिपका.
शिवाय रोज सकाळी चालायला जाणार. स्टेजवर पोट दिसता कामा नये.

२९ मार्च
तिसऱ्यांदा रिझल्ट. घसरण साडूच्या घसरणीपेक्षाही ठळक. दगड निर्मळ, पावसाचा थेंब लागलेला नाही. इतका सुबक ग्राफ मी आयुष्यात काढलेला नाही.
रिझल्ट कोणाला सांगायचे नाहीत. ही लपवाछपवी नाही. अभ्यास चालू आहे. सेमिनारमध्ये नुसता उभा राहून 'पाऊस?' एवढंच विचारीन. शंकाही पुरते.
चालायला गेलो नाही. गुडघा.

३० मार्च
जेवताना बायकोने सहज विचारलं, तुमच्या खाणीतही आली का हो ती घसरण. माझं लक्ष ताटात होतं. म्हणालो, आली, त्याच्यापेक्षा छान आली. ती खरकट्या हाताने फोनकडे गेली.

३१ मार्च
सकाळीच साडू दारात. मागे मेहुणी, त्यांच्या मागे सासरे. साडूचे डोळे भरलेले. म्हणाला, दादा, माझ्यासाठी एवढं केलंत आणि बोलला नाहीत. सासऱ्यांनी पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.
साडूने ग्राफ मागितला. सासरे समोर बसले होते. दिला.
हरकत नाही. ग्राफ दिलाय, मत दिलेलं नाही. प्रश्न विचारणारच.

१८ एप्रिल
सेमिनार झाला.
साडू उभा राहिला. म्हणाला, फेब्रुवारीत दादांनी पावसाचा मुद्दा काढला आणि माझी झोप उडाली. मी माझ्या खाणीतला दगड पुन्हा तपासला. त्यात खरंच पाणी मुरलंय. आज इथे पेपर मागे घेतो असं सांगायचं ठरवलं होतं. तसं घरी सांगूनही झालं होतं. आणि मग दादांचा ग्राफ हातात आला. दगड कोरडा, तरी घसरण तीच. म्हणजे ती समुद्राचीच.
म्हणजे मी पाच फेब्रुवारीलाच जिंकलो होतो. त्यानंतर नुसता घरी लोळत पडलो असतो तरी चाललं असतं.
पडद्यावर माझा ग्राफ, खाली माझं नाव. स्पेलिंग अगदी बरोबर.
अध्यक्षबाईंनी मलाच विचारलं, मूळ शंका तुमची होती, तर आता तुमचं मत काय, पाऊस की समुद्र. सगळा हॉल वळून बघायला लागला. बायको पहिल्या रांगेत.
उभा राहिलो. 'समुद्र,' म्हटलं.
टाळ्या बराच वेळ चालल्या. साडूसाठी.