दहावा ब्रेक

सोमवार, ६ जानेवारी २०२५

दिली! नोटीस दिली! सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. आवक-जावकचा क्लार्क शिक्का मारायला कुरकुर करत होता, साहेबांना विचारून मारतो म्हणे. लंका सिस्टर समोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मी मे महिन्यात रिटायर होतेय, तोपर्यंत वेळच वेळ आहे. मारला शिक्का.

चौदा दिवसांची मुदत. नाही ऐकलं तर मंगळवारी २१ तारखेला मॉर्निंग ड्यूटीपासून संप. मागणी एकच – आम्हा चौतीस कंत्राटी नर्सना कायम करा, आणि तेही पहिल्या रुजू तारखेपासून.

पहिल्या तारखेपासून, हे सगळ्यात महत्त्वाचं. अकरा महिने भरले की एक दिवस ब्रेक. आयकार्ड जमा, हजेरीचा अंगठा बंद. ब्रेक संपला की नवीन ऑर्डर, नवीन कार्ड – आणि मी कागदावर पुन्हा नवखी! सव्वानऊ वर्षांत असे नऊ ब्रेक झाले माझे. जिला मी सलाईन लावायला शिकवलं ती आज माझी रजा मंजूर करते. राग येतो. खूप राग येतो.

लंका सिस्टर स्वतः कधीच्याच कायम आहेत. युनियनच्या अध्यक्ष असल्या तरी यातून त्यांना काहीच मिळायचं नाही. मग कशाला एवढा त्रास, असं विचारलं तर म्हणाल्या, गप्प बस आणि झेरॉक्स काढून आण.

बुधवार, ८ जानेवारी

पहिली बैठक. आमच्याकडून तिघी – लंका सिस्टर, मी आणि आयसीयूची निकिता (तीही कंत्राटी, चार ब्रेकवाली). समोर एच.आर.चे नवनाथ सर. चहा, बिस्किटं, गोड हसू. म्हणाले, नर्सिंग म्हणजे सेवा, सेवेला संप शोभत नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, सेवा अकरा महिन्यांची असते का सर?

टेबलाखालून लंका सिस्टरांनी पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, बोललीस चांगलं, पण पुढच्या वेळी आधी पाणी पी.

गुरुवार, ९ जानेवारी

राकेश जेवताना म्हणाला, "तुझा ब्रेक अठरा तारखेला आहे ना? त्यानंतर त्यांनी नवीन ऑर्डर दिलीच नाही तर?"

त्याचंही खोटं नाही. तो स्वतः ओझरला कंत्राटावरच आहे. नवरा-बायको दोघं कंत्राटी, घर भाड्याचं. मी पोळ्या लाटत राहिले.

शनिवार, ११ जानेवारी

निकिताच्या खोलीवर सगळ्या जमलो. खोली एवढीशी, बायका सव्वीस! संपात कोणी कुठे थांबायचं त्याची यादी केली. आयसीयू, लेबर रूम आणि लहान बाळांचा विभाग चालूच ठेवायचा. पेशंटचा जीव टांगणीला लावून आम्हाला काही नको. त्यावर एकीचंही दुमत नव्हतं.

मग निकिताने विचारलं, "एकवीस तारखेला नाइटवाल्या ओव्हर कोणाला देणार?"

ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यापासून अंगात भिनलेलं. ड्यूटी संपली की पुढच्या नर्सला एकेक पेशंट पलंगापाशी उभं राहून सांगायचा, सोपवायचा, तिने 'हो' म्हटलं की मगच चप्पल घालायची. घरी कोणी वारलं तरी ओव्हर देऊन निघालेल्या बायका आहेत आमच्यात. पुढची नर्स आलीच नाही तर? नाइटवाल्या तिथेच उभ्या राहतील! संप कसला डोंबलाचा.

लंका सिस्टर बराच वेळ शेंगदाणे सोलत होत्या. मग म्हणाल्या, "मॅनेजमेंटला देऊ की ओव्हर."

सोमवार, १३ जानेवारी

पत्र दिलं. माझ्याच अक्षरात. "दि. २१ रोजी सकाळी साडेसात वाजता प्रत्येक वॉर्डात ओव्हर घेण्यासाठी आपण कोणास पाठवणार, त्यांची नावे कळवावीत." बास. एवढंच.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नवनाथ सरांना तिळगूळ दिला. घेतला, खाल्ला, आणि म्हणाले शक्य नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

आजचा दिवस मी म्हातारी होईपर्यंत विसरणार नाही!

पत्राने वर खळबळ उडाली होती. मोठ्या डॉक्टरांना ओव्हर घ्यायला सांगितलं तर त्यांनी हात वर केले. शेवटी नवनाथ सर स्वतः वही-पेन घेऊन आमच्या मेल मेडिकल वॉर्डात हजर. म्हणाले, बघू तरी काय असतं एवढं. लंका सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, दे गं सरांना ओव्हर.

दिली! अडतीस पेशंट. एक नंबर – ऑक्सिजन किती, लघवी किती झाली, रात्री किती वेळा उठून बसले. दोन नंबर – अँटिबायोटिक आठ वाजता, पण आधी किडनीचा रिपोर्ट बघायचा, आला नसेल तर लॅबला फोन, फोन उचलला नाही तर माणूस पाठवायचा. तीन नंबरला नळीतून दूध, तेही डोकं उंच करून. सर लिहीत होते. नऊ नंबरपर्यंत लिहिलं, मग पेन थांबलं. मी मुद्दाम हळू बोलले नाही आणि घाईही केली नाही, रोज बोलते तशीच बोलले.

बारा नंबरला हरसूलचे सावळीराम बाबा, शुगरचे पेशंट. ते उठून बसले आणि सरांना म्हणाले, "सायेब, आता तुमी हाय का? माझी सुई जेवायच्या आदी लागती. उशीर झाला का मला लय गरगरतं. ध्यानात ठेवा बरं."

सर 'हो हो' म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं – कोणती सुई?

मजा बघायला आयसीयूतून आलेली निकिता औषधांच्या कपाटात तोंड घालून हसत होती. अडतिसावा पेशंट संपायला एक तास दहा मिनिटं लागली. मी विचारलं, सर, घेतली ना ओव्हर? ते वही बंद करून गेले.

शुक्रवार, १७ जानेवारी

उद्या दहा वाजता बैठकीला बोलावलंय. ट्रस्टीही येणार!

संध्याकाळी आयकार्ड जमा केलं. उद्या माझा ब्रेक. बरंच झालं, दिवसभर मोकळी.

शनिवार, १८ जानेवारी

जिंकलो. जिंकलो. जिंकलो!

कायम करणार. पहिल्या रुजू तारखेपासून. ब्रेकची पद्धत बंद. तिन्ही गोष्टी लेखी.

पण सहज नाही झालं. दुपारी सगळं ठरल्यावर नवनाथ सरांनी मसुदा पुढे सरकवला. त्यात होतं – '३१ मार्च रोजी सेवेत असणाऱ्या'. म्हणजे तोपर्यंत नको त्यांना नारळ द्यायला अडीच महिने मोकळे! माझ्या लगेच लक्षात आलं. या वेळी आधी पाणी प्यायले. मग म्हटलं, मार्च नाही, आजची तारीख टाका. करारावर सही होईल त्या दिवशी सेवेत असणाऱ्या सगळ्या. आणि सही आजच.

तासभर ओढाताण चालली. ट्रस्टी म्हणाले सोमवारी बघू. मी हटले नाही, म्हटलं सोमवार कोणी बघितलाय, आज म्हणजे आज. शेवटी मानलं. ते कलम मी स्वतः लिहिलं, स्वच्छ, मोठ्या अक्षरात. पाच वाजून वीस मिनिटांनी सह्या. संपाची नोटीस आम्ही तिथेच मागे घेतली.

खाली पार्किंगमध्ये काय धिंगाणा! इव्हनिंगवाल्या ड्यूटी सोडू शकत नव्हत्या, त्या खिडक्यांतून टाळ्या वाजवत होत्या. लंका सिस्टर नाचल्या! गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, आणि आज नाचल्या.

राकेशला फोन केला तर म्हणाला, येताना पेढे मी आणतो.

रविवार, १९ जानेवारी

दहा वाजेपर्यंत झोपले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार, २० जानेवारी

यादी लागली. तेहतीस नावं आहेत. माझं नाही.

टायपिंगची चूक असेल म्हणून हसतच ऑफिसात गेले. नवनाथ सरांनी खुर्ची दिली. कराराचा कागद समोर ठेवला आणि बोट ठेवलं – सही होईल त्या दिवशी सेवेत असणाऱ्या. "अठरा तारखेला तुम्ही सेवेत नव्हता, मॅडम. ब्रेक होता तुमचा. आणि कलम तुमच्याच अक्षरात आहे."

कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या नाही, निकिताच्या नाही, लंका सिस्टरांच्याही नाही. ब्रेक म्हणजे आमच्यात गोधड्या धुवायचा दिवस, पोरांच्या शाळेत जाऊन यायचा दिवस. त्या दिवशी आपण नर्स नसतो, असं कधी कोणाच्या मनातच आलं नाही. आणि मी सोमवारपर्यंत थांबायलाही तयार नव्हते! हट्ट माझाच.

पुढे नवीन ऑर्डर ठेवली. अकरा महिन्यांची. मी सही केली नाही.

लंका सिस्टरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. मी त्यांना म्हटलं, माझ्या एकीसाठी तेहतीस जणींचं अडवू नका. उद्या दहा वाजता हॉलमध्ये पत्रं वाटायचा कार्यक्रम आहे, ट्रस्टींच्या हस्ते, तो नीट होऊ द्या. त्या म्हणाल्या, "तू घरी जा."

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने रुमाल दिला, आणि वर विचारलं, कोण वारलं?

मंगळवार, २१ जानेवारी

अकरा वाजता निकिताचा फोन. हॉल भरलेला, ट्रस्टी, फोटोग्राफर, गुलाबाची फुलं. नवनाथ सरांनी पहिलं नाव पुकारलं – कोणी उठलं नाही. दुसरं, तिसरं – नाही. तेहतीस नावं वाचून झाली, एकही बाई खुर्चीवरून हलली नाही. मग लंका सिस्टर मागून म्हणाल्या, "चौतिसावं नाव वाचा. मग सगळ्या उठतील."

पावणेबाराला ऑफिसातून फोन आला. पत्र टाइप करतोय, पहिली रुजू तारीख काय टाकायची?

मी सांगितली. नऊ नोव्हेंबर दोन हजार पंधरा.