शेठच्या भिंतीवरची विहीर

१५ डिसेंबर, रविवार. पवनी.

लावला! मनोहरशेठनं तो फोटो स्वतःच्या हातानं लावला. दुकानात, गल्ल्याच्या वर.

मागच्या महिन्यात माझ्या स्टुडिओत येऊन म्हणे, "पोरी, तुझ्या बाबानं आमच्या दुकानाचा फोटो काढला होता, तो मोठा करून दे. बापाच्या पुण्यतिथीले लावतो." दिला. फुकट दिला, भिंतभर मोठा. त्याची नजर फक्त फोटोतल्या बापाच्या फेट्यावर. बाजूले मोहल्ल्याची विहीर आहे, माझी माय तिथं घागर भरून राहिली, हे त्याले दिसलंच नाही. कसं दिसंल? तीच विहीर बुजवून त्यानं गोदाम बांधलं. जुने लोक भिऊन चूप बसले, नवीन लोकांले सांगितलं का इथं विहीर नव्हतीच. माय मरेपर्यंत दूरच्या नळावरून पाणी वाहत होती. कंबर वाकली तिची.

फोटो देताना मी फ्रेमची काच तेवढी पुसली, विहिरीवर दोनदा.

आज पुण्यतिथीचं जेवण होतं, सारा मोहल्ला दुकानासमोर पंगतीले. शेठची नवीन सून फोटोसमोर थांबली अन् भोळेपणानं विचारलं, "मामाजी, ही विहीर आता कुठं आहे?"

पंगतीतले सारे फोटोकडे पाहत, मंग गोदामाकडे. शेठ एकटा माझ्याकडे पाहत होता, घामानं डबडबलेला. मले दया याले पाहिजे होती का? आली नाही.

मी पेला समोर केला. म्हटलं, "शेठ, पाणी वाढा."