खुशाल कर

३ नोव्हेंबर
मेरिव्हॉन आली. रोझेनची धाकटी बहीण, माझी मेव्हणी. काँपेरला तिच्या घरात नळ फुटून लाकडी जमीन फुगलीय, दुरुस्ती होईपर्यंत इथं राहणार. दारातच म्हणाली, "जिल्दास, आता आपण दोघंच उरलो. अरे-तुरे केलं तर चालेल?" म्हटलं, कर ना, खुशाल कर. मग मागची खोली मागितली — रोझेनची, शिवणाची. तीही खुशाल घे म्हटलं! माझी जीभ मला विचारत नाही.

६ नोव्हेंबर
शिलाई मशीन तळघरात गेलं. मला विचारून.

११ नोव्हेंबर
विचारल्याशिवाय ती काहीच करत नाही, हीच पंचाईत. रेडिओ बारीक करू? तुझी खुर्ची खिडकीपासून हलवू? रोझेनचा निळा कोट घालू, बाहेर गारठा आहे? वर, "तुला वाईट वाटणार नसेल तर." आता याला नाही कसं म्हणायचं? आम्हाला लहानपणापासून 'खुशाल'च शिकवलं. दुपारी धक्क्यावर तो कोट पाठमोरा चालताना दिसला. हाक मारणार होतो — रोझेनला.

१४ नोव्हेंबर
शेजारच्या ल्युसियाँला सांगितलं. म्हणाला, "घर तुझं, तोंड तुझं. एकदा नाही म्हण, दात पडणार नाहीत." आरशासमोर म्हणून पाहिलं. जमलं. स्वयंपाकघरात गेलो — नाही जमलं.

२४ नोव्हेंबर
पाऊस. गुडघा.

२ डिसेंबर
रोझेनला जाऊन आज दोन वर्षं. कबरीवर दोघं गेलो. दफनभूमीच्या पायऱ्या उतरताना मेरिव्हॉननं माझा हात धरला, न विचारता. घरी कुट्टूच्या पिठाचे घावन केले, कडा करपवून, अगदी रोझेन करायची तसे. त्यांच्या आईची पद्धत म्हणे. खाताना सांगत बसली — लहानपणी या दोघी बंदरावर जायच्या, धाकटी रडायचं सोंग करायची आणि मोठी तेवढ्यात कोळ्यांच्या टोपलीतले तारली मासे फ्रॉकमध्ये लपवायची! माझ्या रोझेननं हे मला कधी सांगितलं नाही. इतका हसलो की डोळे पुसावे लागले. तिलाही.

१९ डिसेंबर
मेरिव्हॉनला बाजारातून यायला उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभा राहतो. हे ल्युसियाँला सांगणार नाही.

८ जानेवारी
काँपेरहून सुताराचा फोन. तिचं घर तयार आहे. रात्र झाली तरी मनात वाक्य जुळवतोय — राहा. इतकंच तर आहे.

९ जानेवारी
न्याहरीला मेरिव्हॉन कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मग म्हणाली, "शनिवारी गेले तर चालेल, जिल्दास?" आणि माझ्याकडे बघत थांबली. एवढा वेळ ती कधीच थांबली नव्हती.
"जा ना," मी म्हणालो. "खुशाल जा."
तिनं वाडगा विसळला, पालथा घातला आणि सामान आवरायला गेली.