आबांची मुदत

४ मार्च २०२५
आबांना इन्कम टॅक्सची नोटीस आली. त्यांच्या मोबाइलवर — तो अजून मीच चार्ज करते. आबा जाऊन वर्ष होत आलं, पण सरकारच्या लेखी ठणठणीत आहेत. खुलासा त्यांनीच करायचा आहे!
पालीची जमीन हायवेत गेली, तिचा वाढीव मोबदला २०१८-१९ला मिळाला. त्यातल्या व्याजावर कर भरला नाही म्हणे. सहा वर्षांनी आठवलं. घाई नको, हे धोरण चांगलंच.

५ मार्च
बीडमधल्याच कर सल्लागार सुंदररावांकडे गेले. नोटीस वाचून माणूस खुलला. रक्कम पन्नास लाखांवर असेल तरच इतकं जुनं प्रकरण काढता येतं, आणि तीही मुदत या ३१ मार्चला संपते.
"मेलेल्या माणसाच्या नावची नोटीस टिकत न्हाई, ताई. वारसांच्या नावानं नवी काढावी लागंल, तीबी ३१च्या आत. आबा गेले हे त्यांना ठाऊकच न्हाई, तर काढतील कशी? तुमी फकस्त गप बसा."
पण कर खरंच लागतो का, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.
"ते इचारायचं नसतं. मुदत इचारायची."

७ मार्च
विजूला सांगितलं. माझा धाकटा भाऊ — जिल्हा परिषदेच्या तिकिटाची वाट बघत चाळिशीला आला. त्याच्या तोंडून शब्द जाणार नाही म्हणाला. आईला काही सांगायचं नाही असं ठरलं. ती त्या पैशांच्या एफडीवर जगते, बीपीही आहे. हाय खाईल.

११ मार्च
गप बसणं म्हणजे खोटं बोलणं का? आज वर्गात नेमकी नागरिकांची कर्तव्यं होती. कर भरण्याचा मुद्दा आला आणि मी फळा पुसला. उरलेलं उद्या घेऊ म्हटलं.

१२ मार्च
उद्या घेऊ म्हटलं पुन्हा.

२४ मार्च
विजूच्या तोंडून शब्द खरंच गेला नाही. फ्लेक्सवर गेला! 'प्रथम पुण्यस्मरण', दुमजली उंचीचा, ऐन चौकात. इन्कम टॅक्स ऑफिसचा रस्ता तोच. मी बोलले तर उलट मलाच — बापाला फ्लेक्स नाही लावला तर लोक काय म्हणतील?

२५ मार्च
फ्लेक्स नीट पाहिला. मोठा फोटो विजूचा, गॉगलसकट. खाली त्याचे दोन डझन समर्थक. आबा वर कोपऱ्यात, बांगडीएवढ्या गोलात. 'पुण्यस्मरण' विजेच्या खांबाआड गेलंय. जीव भांड्यात पडला.
बाप झाकला गेला म्हणून हायसं वाटणारी मुलगी. वा!

२६ मार्च
कीर्तन झालं, हजार पानं उठली. चौकात रामेश्वर भेटला, टॅक्स ऑफिसातला क्लार्क. "विजूभाऊंचा वाढदिवस का, ताई? झकास केलाय. आबांना नमस्कार सांगा."
सांगते म्हटलं. घरी येऊन हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहिले आणि सांगितला. म्हणजे खोटं बोलले नाही.

२८ मार्च
रामेश्वरनं विजूलाही वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. विजू भडकला. "बाप मेलाय माझा, वाढदिवस कसला बे!" हजार पानं वायाच गेली की, म्हणाला. तडक ऑफिसात जाऊन आबांचा मृत्यूचा दाखला टेबलावर आपटला. साहेबांनी उभं राहून सांत्वन केलं म्हणे. झेरॉक्सही काढून घेतली.

३० मार्च
पाडवा. सुंदरराव फोन उचलत नाहीत.

३१ मार्च
ईद, तरी ऑफिस चालू. शेवटच्या दिवशी सरकारला सुट्टी नसते. दुपारी रामेश्वर खाली मान घालून नोटीस देऊन गेला. वारसांच्या नावानं. पहिलं नाव आईचं, सही तिनंच केली. मी सुट्टी असूनही पेपर तपासायला कॉलेजात होते.

१ एप्रिल
आईला समजवायला बसले. तिनं मध्येच थांबवलं. कराचे पैसे आबांनी तेव्हाच वेगळ्या एफडीत ठेवलेत.
"मागितल्याबिगर कावून द्यायचे, म्हणायचे. मागितले की त्याच दिशी द्यायचे. पोस्टमन दिसला की इचारायचे, आली का?"
मग उठली. नोटीस आबांच्या फोटोपुढे ठेवली.
"घ्या. आली."